पान कुठलं, ते सांगा

वाचकांचे प्रश्न आणि सोलापूरच्या एका निवृत्त ग्रंथपालबाईंची उत्तरं

मागच्या अंकात वाळवीबद्दल लिहिता लिहिता मी सहज लिहून गेले, की आमच्या गच्चीवर दर शनिवारी आठ-नऊ जण पुस्तकांवर बोलायला जमतात. झालं. या महिन्यातली सगळी पत्रं त्या एका वाक्यावरच आली. वाळवी राहू द्या, पुढच्या वेळी बघू.

प्रश्न : ताई, आम्ही जुळे सोलापुरात राहणारे सहा जण महिन्यातून एकदा जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत. माणूस फार चांगला, पण बोलायला लागले की चाळीस मिनिटं. बाकीचे 'छान आहे पुस्तक' एवढंच म्हणून गप्प बसतात. तिसऱ्या वेळी आम्ही दोघीच उरलो. प्राध्यापकांना कसं सांगावं?

त्यांना काही सांगू नका. आधी तुम्ही सुरुवातीला काय विचारता ते मला सांगा. 'मग, कसं वाटलं पुस्तक?' असंच ना? माझा अंदाज चुकायचा नाही, कारण पहिलं वर्षभर मीही हेच विचारत होते. ज्यांनी आयुष्यभर वर्गात उभं राहून मतं दिली, त्यांना हा प्रश्न म्हणजे तासाची घंटाच. ज्यांना आयुष्यात कुणी मत विचारलं नाही, ते 'छान आहे' म्हणून मोकळे होतात. यात दोघांचाही दोष नाही.

आमच्याकडे हे कसं सुटलं ते सांगते. अक्कल माझी नव्हती, जॉबर काकांची होती. काका इथल्या एका मिलमध्ये माग खात्यात जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. मिल बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले. आता सत्तरी ओलांडली आहे. तीन शनिवार ते आले आणि 'बरं हाय' यापुढे काही बोलले नाहीत. चौथ्या शनिवारी गिरणी कामगारावरची एक कादंबरी होती, नाव नाही सांगत. आमचे सर (हो, आमच्याकडेही एक सर आहेत) वास्तववादावर बोलून दमले तेव्हा काका म्हणाले, "पुस्तक बरं हाय मॅडम. पन मी एकशे बाराव्या पानावर थांबलो. पुढं जाईनाच."

मी म्हटलं, काय आहे त्या पानावर? त्यांनी पुस्तक उघडलं. पानात बसचं तिकीट घातलं होतं. बायको दवाखान्यात आहे, गडी मागावर उभा आहे, डोळ्यांत पाणी आहे आणि त्या पाण्यातूनच तो चालू मागावर कांडी (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातली सुताची नळी) बदलतो आहे, असा प्रसंग. मला वाचताना तो फार आवडला होता. मी त्याखाली पेन्सिलनं रेघही मारली होती.

काका म्हणाले, "चालू मागात हात घातला तर बोटं जातील की. साध्या मागावर कांडी संपली की माग थांबतोय. धोटा काढायचा, रिकामी कांडी काढून भरलेली घालायची, धागा धोट्याच्या भोकातनं ओढून घ्यायचा. आमच्या वेळचे तर तोंडानं ओढायचे. धोटा जागेवर ठेवायचा आन् मग माग चालू. ह्यो गडी रडत रडत चालू मागावर कांडी बदलतोय. लिहिणारा खात्यात कधी उभा राहिलेला नाही."

मग जे सुरू झालं ते रात्री नऊपर्यंत. बँकेतले एक सभासद म्हणाले, एवढी चूक माफ, भावना खरी आहे ना? शाळेचे गणवेश शिवणारी एक मुलगी आमच्यात आहे. ती म्हणाली, भावना खरी असती तर त्याचा हात चुकला असता. ती एकदा रडत शिवत होती, तेव्हा सुई नखातून आरपार गेली होती. तिनं अंगठा पुढं करून दाखवला. सर म्हणाले, लेखकाला सूट असते. काका म्हणाले, "सूट हाय की. पन बोटं माझी हायत." त्या दिवशी एकानंही 'छान' हा शब्द वापरला नाही. आणि ज्या परिच्छेदाखाली मी रेघ मारली होती तो मी घरी जाऊन पुन्हा वाचला, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की त्यात मागाचा आवाजसुद्धा नाही. सोलापुरात राहून, आजूबाजूला दिवसरात्र खटखट ऐकून, मला ते जाणवलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे एकच पद्धत. आल्यावर प्रत्येकानं पान सांगायचं. कुठल्या पानावर थांबलात? आवडून थांबला असाल, कंटाळून थांबला असाल, शब्द अडला म्हणून, घरचं काही आठवलं म्हणून, काहीही. ती दोन-चार वाक्यं वाचून दाखवायची आणि का थांबलात ते सांगायचं. सगळ्यांची पानं सांगून झाल्याशिवाय पूर्ण पुस्तकावर कुणी बोलायचं नाही.

हा नियम सगळ्यात जड गेला तो सरांना. पहिल्या वेळी त्यांना पान सापडेना. पुस्तक चाळत बसले. शेवटी कबूल केलं की पुस्तक वीस वर्षांपूर्वी वाचलं होतं, टिपणं होती, त्यांच्या जोरावर चाललं होतं. असं कबूल करायला मोठं मन लागतं, मी तर त्या दिवसापासून त्यांना जास्तच मान देते. आता ते पुन्हा वाचून येतात आणि दहा मिनिटांत आटोपतात. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, नोकरीत असताना मला ते झोपेतही पाठ होते. त्यातला चौथा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. तो मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून गच्चीच्या दारावर लावला होता, बरोबर सरांच्या खुर्चीसमोर. आता काढला तरी चालेल, पण राहिला आहे.

तर तुमच्या प्राध्यापकांना पान विचारा. बाकीच्या चौघांना निरोप पाठवा की या वेळी मत आणू नका, फक्त पानाचा आकडा आणा. आकडा सांगायला कुणी लाजत नाही.

प्रश्न : पुस्तक पूर्ण झालेलं नसताना गेलं तर चालतं का? मला लाज वाटते म्हणून मी मागच्या दोन बैठकींना गेले नाही. (होटगी रोडवरून एक भगिनी)

जा. तिसाव्या पानावर थांबला असाल तर तीस म्हणा. तिसाव्या पानावर पुस्तक खाली ठेवलेल्या माणसाकडं सांगण्यासारखं पुष्कळ असतं. फक्त दुसऱ्यानं शेवट सांगितला म्हणून रुसायचं नाही.

प्रश्न : मी विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, बारावी झाली आहे. आमच्या घरी तेलुगू बोलतात. आई आणि शेजारच्या दोघी सातवीपर्यंत शिकल्या, मराठी हळूहळू वाचतात. त्यांना घेऊन असं काही करता येईल का? कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करू?

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू काय करू शकशील हे सांगण्यापेक्षा आमच्या अक्काचं सांगते.

अक्का आमच्या गटात चार वर्षांपूर्वी आली, तीही तेलुगू घरातली. राहायला कुंभारीजवळ, विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांच्या त्या वसाहतीत, जिला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. तिला पहिल्या दिवशी मी विचारलं, तुमच्या नगराला ज्यांचं नाव आहे त्या गोदूताई कोण, माहीत आहे? ती म्हणाली, कुणातरी पुढाऱ्याची आई असंल. रेशन कार्डावर, आधारवर, लाइटबिलावर रोज ते नाव, आणि आम्ही कुणीच तिला कधी सांगितलं नव्हतं. हे मी तिला हसण्यासाठी सांगत नाही. माझ्या स्वतःच्या गल्लीला ज्यांचं नाव आहे त्यांच्याबद्दल मला निवृत्त झाल्यावर कळलं.

मग मी तिला 'जेव्हा माणूस जागा होतो' दिलं. गोदूताईंनी ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये 1945 पासून जे काम केलं, त्याची ही हकीकत. वेठबिगार, जंगलाचे ठेकेदार, सावकार आणि त्यांच्यापुढे पहिल्यांदा ताठ उभे राहिलेले वारली. पुस्तक 1970 चं, 1972 मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भाषा साधी आहे. गोदूताई मूळच्या पुण्याच्या, वकिली शिकलेल्या. पण पुस्तकात कुठं वकिली नाही.

अक्का वाचणार कधी? दिवसाला हजार विड्या वळायच्या. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायचा, वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. दोन्ही हात गुंतलेले आणि मांडीवर सूप. तर तिनं युक्ती काढली. नववीतली नात शेजारी बसून मोठ्यानं वाचायची आणि ही वळायची. नातीला शब्द अडला की दोघी मिळून त्याचं तेलुगू करायच्या. आणि शनिवारी तिला पान विचारलं तर ती म्हणायची, "पान नाही माहीत. दोनशे विड्या झाल्या तिथं थांबलो." आम्ही तेही मान्य केलं. कुणाचं पान एकशे बारा, कुणाचं दोनशे विड्या.

ती थांबली होती 'लग्नगडी' या शब्दापाशी. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबायचं, तो लग्नगडी. फिटायचे कधीच नाहीत, आणि बायकोलाही राबावं लागायचं. अक्कानं विचारलं, "त्यानं किती घेतले होते?" आम्ही म्हटलं, अमुक रुपये. "मग रोजचं काम किती धरलं होतं त्यानं?" आम्हाला कुणालाच सांगता येईना. बँकेतले सभासदसुद्धा गप्प. अक्का म्हणाली, "तेच तर. हिशोब त्याच्याकडं होता." सूप मांडीवर घेऊन चाळीस वर्षं ती विड्या मोजून देते आहे, छाटात, म्हणजे खराब ठरवून, किती गेल्या आणि हातावर किती पैसे पडले हे तिला पाठ आहे. असला प्रश्न ती विचारणार नाही तर कोण?

तेव्हा मराठी हळू वाचता येतं याची काळजी करू नकोस. हळू वाचणाऱ्यांची थांबण्याची ठिकाणं जास्त असतात. तू मोठ्यानं वाच, त्यांना काम करू दे, आणि तेलुगूत बोलायचं असेल तर तेलुगूत बोला. सोलापूरला हे नवं नाही. इथं एका जिन्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येतं, आणि लक्ष्मीनारायण बोल्लींसारखा कवी तेलुगू घरातून येऊन मराठीत लिहून गेला.

एक मात्र सांभाळ, आणि हे मी माझ्या चुकीवरून सांगते. आमच्याकडे रिक्षा चालवणारा एक मुलगा यायचा. वाचायला फार आवडायचं त्याला. वाचताना 'आणि'ला 'आनि' म्हणायचा, 'पाणी'ला 'पानी'. एकदा मी त्याला मध्येच थांबवून दुरुस्त केलं. एकदा नाही, तीनदा. चौथ्यांदा दुसऱ्या कुणी हसलं. पुढच्या शनिवारी तो आला नाही. महिन्यानं सात रस्त्यावर भेटला, मी बोलले, माफीही मागितली. म्हणाला, "तसं काही नाही मॅडम, धंद्याची गडबड." मला मीटरनं जेवढे झाले तेवढेच पैसे घेऊन सोडलं. अजून आलेला नाही. गंमत म्हणजे जॉबर काकाही 'पन' म्हणतात आणि त्यांना मी कधी टोकलं नाही. ते वयानं मोठे म्हणून. तर आईनं कुठला शब्द कसाही उच्चारला तरी तू वाक्य पुढं जाऊ दे.

प्रश्न : आम्ही सात जण, पुस्तक एक. सात प्रती विकत घेणं परवडत नाही. एकानं वॉट्सअॅपवर पीडीएफ टाकली, दुसऱ्यानं आक्षेप घेतला आणि त्यावरून बाचाबाची झाली. कोण बरोबर? (बाळीवेस)

आक्षेप घेणारा. पण त्यानं नुसतं 'चूक आहे' म्हणून उपयोग नाही, हिशोब सांगायला हवा होता, म्हणून मी सांगते. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. लेखकाचा हक्क तो हयात असेपर्यंत आणि त्याच्या निधनानंतर 60 वर्षं राहतो. ती 60 वर्षं निधनाच्या पुढच्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून मोजायची. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे 2010 च्या अखेरीस हक्क संपला. त्यांची पुस्तकं खुशाल वाटा. आचार्य अत्रे 1969 मध्ये गेले, त्यांचं 2029 च्या अखेरीपर्यंत थांबायचं. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: मूळ लेखक जुना असला तरी अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या रशियन कथेचं गेल्या वर्षी झालेलं मराठी फुकट झालं असं समजू नका.

एका प्रतीत सात जणांचं भागतं. आम्ही कायम तसंच केलं आहे. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, पेठापेठांतून छोटी वाचनालयं आहेत. दोघा-तिघांनी सभासद व्हावं. मग साखळी लावायची. पुस्तक ज्याच्या हाती आहे त्यानं तीन दिवसांत पुढच्याला द्यायचं, आणि आत वहीचं एक पान ठेवायचं. प्रत्येकानं त्यावर आपलं थांबलेलं पान आणि एखादी ओळ लिहायची. शेवटच्या माणसाला पुस्तकाबरोबर सहा जणांची पानं मिळतात. (पुस्तकात लिहायचं नाही. मी रेघ मारली होती हे वर लिहिलंच आहे, ते पुस्तक माझं स्वतःचं होतं.) तीन दिवस पुरत नसतील तर वहीवर 'पुरले नाहीत' लिहा. घरात बसून चार माणसांना मोठ्यानं वाचून दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि आपल्याकडे पोथी अशीच वाचत आले आहेत.

प्रश्न : खायला काय ठेवावं? आमच्याकडे दर वेळी यजमानीण बाईंची धावपळ होते आणि चर्चा थालीपिठावरच संपते.

चहा. बस्स. आम्ही एकदा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली होती. वाचनालयाच्या एका चरित्राच्या चौसष्टाव्या पानावर अजून तेलाचा गोल डाग आहे, मी टाल्कम पावडर लावून, कागद दाबून, सगळं करून पाहिलं. दंड भरला. त्यानंतर चटणी पुस्तक मिटल्यावरच.

प्रश्न : गटाला नाव काय ठेवावं आणि वार, वेळ कशी ठरवावी? (सगळ्यांत जास्त पत्रं हीच, म्हणून शेवटी)

नावाचं मला सांगता येत नाही. आमच्या गटाला नाव नाही. बायका 'पुस्तकाला जाते' म्हणतात, काका 'गच्चीवर' म्हणतात, अक्काची नात 'अव्वाची शाळा' म्हणते. नाव ठेवलं की फलक येतो, फलक आला की अध्यक्ष येतो.

वेळेचं मात्र इथल्या माणसानं जपून ठरवावं. मार्च ते जून सहाच्या आत गच्चीवर जाऊ नका. एप्रिल-मेत तर पारा चाळीसच्या वर जातो आणि फरशी संध्याकाळीसुद्धा पाय भाजते. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत कुणी येत नाही, बोलावूही नका. नंदीध्वज निघाल्यावर पुस्तक कोण उघडणार? पण या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा आहे पाण्याचा दिवस. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि प्रत्येक भागाचा दिवस वेगळा. पाणी आलं की आमच्या गणवेशवाल्या मुलीचा फोन येतो, "मॅडम, मी नाही येत, पाणी आलंय." सुरुवातीला मला राग यायचा. मग मी वहीत सगळ्यांच्या भागांचे पाण्याचे दिवस लिहून घेतले आणि त्यातून मोकळा वार शोधला, तो शनिवार निघाला. तुम्हीही आधी तेच करा.

तेही दर वेळी जमतंच असं नाही. येत्या शनिवारी दोन भागांत एकदम पाणी आहे, म्हणून आम्ही रविवारी सकाळी आठला भेटतोय. पुस्तक पुन्हा गोदूताईंचंच, सगळ्यांना ते दुसऱ्यांदा वाचायचं होतं. अक्काचा निरोप आला आहे, या वेळी ती साडेसहाशेवर थांबली आहे.